शांत चेहऱ्याची भीती

माझी सासू माझी सासू होण्याआधी पाच वर्षं माझी इन्चार्ज सिस्टर होती. त्यामुळे मी तिला दोन्हीकडून घाबरायचे, घरी थोडं कमी, वॉर्डात थोडं जास्त. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. या अंकाच्या संपादकबाईंनी "रुग्णालयातले गमतीदार किस्से लिहा" असं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणून बसले, कारण किस्से आमच्याकडे पोत्यानं पडलेले असतात. पण लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की प्रत्येक किश्श्याच्या मुळाशी कुणीतरी घाबरलेलं आहे. बहुतेक वेळा मीच.

बाहेरच्या लोकांना वाटतं, नर्स म्हणजे इंजेक्शन, सलाइन आणि तोंडाळपणा. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण आमचं निम्मं काम चेहऱ्याचं असतं. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन जातात. उरलेला सगळा वेळ पेशंट आणि त्याचे नातेवाईक सिस्टरच्या तोंडाकडे बघत असतात. रिपोर्ट त्यांना कळत नाही, मशीनवरचे आकडे कळत नाहीत, आमचं तोंड मात्र बरोबर कळतं. ते तोंड सांभाळायला मला म्हात्रे सिस्टरांनी शिकवलं. वॉर्डात सगळे माझ्या सासूला त्याच नावानं ओळखायचे.

मी तेव्हा बावीस वर्षांची, कराडकडच्या गावातून नर्सिंगचा कोर्स करून आलेली. रुग्णालय वाशीकडचं, नाव सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी बायकांच्या वॉर्डात एक बाई अचानक घामाघूम झाली आणि मान टाकून पडली. मी "डॉक्टर! डॉक्टर!" करत वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. परत येऊन बघते तर म्हात्रे सिस्टरांनी त्या बाईला ग्लुकोजचं पाणी पाजून उठवून बसवलेलं. तिची फक्त साखर उतरली होती. पण दरम्यान सगळा वॉर्ड उभा राहिला होता. एका आजीबाईंनी सलाइनची सुई उपसून काढून खाटेवरून उडी मारली होती. आईसाठी डबा घेऊन आलेला एक माणूस, आपलीच आई गेली असं समजून, डबा टाकून मोठमोठ्यानं रडत होता, आणि त्याची आई खाटेवर बसून "अरे मी हाय, मी हाय" म्हणत होती.

सगळं निस्तरायला तासभर लागला. मग म्हात्रे सिस्टर मला ड्रेसिंग रूममध्ये घेऊन गेली. मी शिव्या खायच्या तयारीत.

"तू धावलीस," ती म्हणाली, "म्हणजे चाळीस जणींना सांगितलंस की इथे कुणीतरी मरतंय."

"मग काय करायचं, सिस्टर?"

"चालायचं. भरभर, पण चालायचं. स्टोअरमधून कापूस आणायला निघाली आहेस असं तोंड ठेवायचं."

"आणि हात थरथरले तर?"

"ट्रे धरायचा."

तिनं माझ्या हातात ट्रे दिला आणि ड्रेसिंग रूममध्ये मला चालायला लावलं. पहिल्या खेपेला म्हणाली, ही परेड झाली. दुसऱ्या खेपेला म्हणाली, ही मुलगी बघायला आल्यावर चहा घेऊन येते तशी चाल झाली. पाचव्या की सहाव्या खेपेला तिनं मान हलवली. त्या दिवसापासून आजतागायत मी वॉर्डात धावलेली नाही. एक दिवस सोडून. त्या दिवसासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

ती घणसोली गावातली. आगरी. तिच्या लहानपणी गावात खाडीच्या बाजूला मिठागरं होती आणि मुलींनी नर्स व्हावं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ती झाली. वॉर्डात पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची, घरच्या उंबऱ्याच्या आत आली की "काय झाला, कोन आला" सुरू. पाच वर्षं मला पारखल्यावर एक दिवस चहा पिताना म्हणाली, "माझा मुलगा महापेला कंपनीत आहे. बघून घे. आवडला तर सांग. नाही आवडला तरी उद्या ड्युटीवर वेळेत यायचं." प्रशांत आवडला. माझ्या माहेरी महिनाभर खळखळ झाली, मग शांत झाली. लग्नात तिनं माझ्या ओटीत काय घातलं ते आठवत नाही. पण हळदीच्या दिवशी माझ्या हातावरची जुनी सुईची जखम बघून "धनुर्वाताचा घेतलास का?" असं विचारल्याचं पक्कं आठवतं.

तिला कशाचीच भीती वाटत नाही, असं आम्हा सगळ्या मुलींना वाटायचं. मलाही वाटायचं. मग एका सकाळी ड्युटीच्या आधी ती कपडे बदलायच्या खोलीत नळाखाली हात धरून उभी होती. रोजच उभी राहायची, बराच वेळ. आम्ही समजायचो स्वच्छतेची फार आहे. त्या दिवशी मला आरशात तिचे ओठ हलताना दिसले.

"देवाचं म्हणता का, सिस्टर?"

"देवाचं नाही गं. कालचे पेशंट म्हणते. पहिल्या खाटेपासून. कुणाला काय दिलं, किती दिलं. कुठे चूक झाली असेल तर अजून धावपळ करता येईल."

"रोज?"

तिनं नळ बंद केला. आणि तिच्या तोंडून वॉर्डात पहिल्यांदाच घरची भाषा आली. "रोज. मना रोज भीती वाटते, वैशाली. ज्या दिवशी नाय वाटली, त्या दिवशी घरी बसेन."

मला ते ऐकून धीर यायला हवा होता. उलट मीच जास्त घाबरले. हिलाही भीती वाटते, तर मग आमचं काय? तेव्हापासून मीही घरी येताना मनातल्या मनात खाटा मोजायला लागले. औषधाचं लेबल तीनदा वाचायचं, कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि रिकामी कुपी टाकताना, तेही मोठ्यानं, ही तिचीच शिस्त. ती इतकी अंगात भिनली होती की घरी चहात साखर घालतानाही ती डब्यावरचं "साखर" वाचायची. प्रशांत हसायचा. मी हसायचे नाही, कारण मीही मनातल्या मनात वाचलेलं असायचं.

रविवारी सकाळी आमच्या घणसोलीच्या घराच्या ओट्यावर बीपी तपासून घ्यायला लोक यायचे. गावातले, वरच्या खोल्यांतले भाडेकरू, पलीकडच्या टॉवरमधलेही. त्यात एक शेजारचे काका होते. ते यायचे, समोर बसायचे, तिच्या तोंडाकडे बघायचे आणि बीपी न बघताच उठायचे. "तुजा त्वांड बगला, बरा वाटला. जातो." एवढा त्या चेहऱ्याचा लौकिक.

प्रशांतला मात्र त्या चेहऱ्याचा राग होता. तो नऊ वर्षांचा असताना पत्र्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. आई आली, फूटपट्टी लावून हात बांधला, रिक्षात घातलं, प्लास्टर करून आणलं, आत्याकडे सोपवलं आणि दुपारच्या ड्युटीला गेली. डोळ्यांत पाणी नाही, की आवाजात कंप नाही. "मला वाटायचं, हिला माझं काही वाटतच नाही," असं त्यानं मला लग्नानंतर सांगितलं. मी हे तिला विचारलं. भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "त्या दिवशी ड्युटीवर तीनदा ओकले. त्याला कनाला सांगू?" मी म्हटलं, आता सांगा. ती म्हणाली, आता तो मोठा झाला. तिनं ते शेवटपर्यंत त्याला सांगितलं नाही. मी सांगितलं, पण ते माझ्या तोंडून ऐकण्यात आणि तिच्या तोंडून ऐकण्यात फरक होता.

आता त्या दिवसाचं.

माझी मुलगी मनवा तेव्हा सात वर्षांची. गणपती नुकतेच गेले होते आणि आमच्या रुग्णालयात डेंग्यूच्या पेशंटनी कॉरिडॉरसुद्धा भरला होता. मनवाला ताप आला. रक्त तपासलं, डेंग्यूच निघाला. मुलांच्या डॉक्टरांनी बघितलं, ती खात-पीत होती, खेळत होती. ते म्हणाले, "घरीच ठेवा. रोज रक्त तपासा. तुमच्या घरात दोन-दोन सिस्टर आहेत, मला कशाला काळजी?" डॉक्टर, सासूबाई आणि मी, तिघंही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

प्रशांत कंपनीच्या कामासाठी गुजरातला गेला होता. आमच्या चार सिस्टर स्वतःच तापानं आजारी, त्यामुळे मला रजा मिळण्यासारखी नव्हती. लग्नानंतर मी म्हात्रे सिस्टरांना आई म्हणायला लागले होते. आई निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण घरात तिनं वॉर्डच उघडला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तक्ता आखला, ताप किती, पाणी किती, लघवी किती वेळा. मनवा वैतागायची, "आजी, तू मला शू पण मोजून करायला लावतेस!"

चार दिवस ताप चढ-उतार करत राहिला. पाचव्या दिवशी पहाटे उतरला तो चढलाच नाही. वरच्या मजल्यावरच्या शिंदेबाई येऊन नजर काढून गेल्या. मी मनवाच्या कपाळाला हात लावला, गार लागलं, आणि मी हलक्या मनानं सकाळच्या ड्युटीला निघाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती अजूनही कितीतरी जणांना माहीत नसते. डेंग्यूमध्ये खरी भीती ताप असताना नसते, ताप उतरल्यावर असते. त्या एक-दोन दिवसांत काहींच्या रक्तातलं पाणी शिरांमधून बाहेर झिरपतं. बाहेरून काही दिसत नाही. मूल गप्प पडून राहतं, घरचे म्हणतात, थकलंय, झोपू द्या. आणि आतून प्रेशर ढासळत असतं. हे मला पाठ होतं. त्या महिन्यात मी हे दिवसातून दहा वेळा लोकांना सांगत होते.

साडेदहाला मी घरी फोन केला.

"बोल," आई म्हणाली.

"कशी आहे?"

"ताप नाही. सकाळपासून दोन उलट्या झाल्या. पोट दुखतंय म्हणते. पाणी थोडं थोडं घेते. लघवी पहाटे एकदा झाली, त्यानंतर नाही. हातपाय जरा गार लागतात. आता पडून आहे."

"बरं," मी म्हटलं. "मी दोनला सुटते. मग आणू या रक्त तपासायला."

"बरं," ती म्हणाली.

आणि मी फोन ठेवला.

तुम्ही वाचताना कदाचित इथेच ओरडला असाल. मीसुद्धा हे लिहिताना थांबले, उठून पाणी पिऊन आले. पण तेव्हा मला काही म्हणजे काही वाटलं नाही. कारण मी शब्द ऐकलेच नाहीत, आवाज ऐकला. तो आवाज मी पंधराएक वर्षं ऐकत होते. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटची सगळी माहिती देते, त्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. त्यात रडायचं नसतं, भर घालायची नसते, आपलं मत द्यायचं नसतं. जे आहे ते ओळीनं सांगायचं. तिनं मला तसंच सांगितलं. म्हात्रे सिस्टर शांत आहे, म्हणजे सगळं शांत आहे. मी ट्रे उचलला आणि औषधं द्यायला निघाले.

अकराच्या सुमाराला एका मुलाला घरी सोडायचं होतं. त्याची आई कोपरखैरण्याची, हातात पिशवी घेऊन तयार. तिला मी कागदावर खुणा करून समजावत होते. "आता ताप नाही म्हणून निश्चिंत राहायचं नाही हं. पोट दुखलं, उलट्या व्हायला लागल्या, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, मूल गप्प पडून राहिलं..."

"तर काय करू, सिस्टर?"

ती बाई माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या हातातल्या पिशवीकडे. मी आत्ता म्हटलेली एकेक गोष्ट अर्ध्या तासापूर्वी मला फोनवर कुणीतरी ओळीनं सांगितली होती.

"सिस्टर? तर काय करू?"

"धावत आणायचं," मी म्हटलं. आणि मी धावले.

त्या वॉर्डातून मी धावले, कॉरिडॉरमधल्या खाटांना ठेचकाळत, कुणाच्या सलाइनचा स्टँड पाडून. मागे बायका उभ्या राहिल्या असतील, कुणी रडलंही असेल. मी वळून बघितलं नाही. जिन्यात उभं राहून घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मग शिंदेबाईंना लावला.

"आजी तिला घेऊन गेल्या ना! आत्ताच, दहा मिन्टं झाली असतील. पोरीला खांद्यावर टाकलं आन् गेल्या. चप्पल पण नाय घातली त्यांनी."

"कुठे? कुठल्या दवाखान्यात?"

"ते नाय सांगितलं ओ. रिक्षाला हात करत रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. मनवा डोळे उघडत नव्हती, ताई."

घणसोलीहून आमच्याकडे यायला रिक्षाला वीस मिनिटं लागतात. मधे चार सिग्नल. मी गेटवर उभी राहिले. एक रिक्षा आली, तीत एक म्हातारा. दुसरी आली, रिकामी. तिसरीत कुणीतरी बाळंतपणाला आलेली. मी त्या बाळंतपणाला आलेल्या बाईचा राग केला, ती माझी मुलगी नाही म्हणून. मला वाटत होतं, आई भलत्याच दवाखान्यात गेली असेल. मला वाटत होतं, सिग्नलला अडकली असेल आणि आता मनवा... यापुढचा विचार मी करू देत नव्हते आणि तो परत परत येत होता.

मग रिक्षा आली आणि ती पूर्ण थांबायच्या आधीच आई खाली उतरली. अनवाणी. पदर खांद्यावरून घसरलेला, उलटीनं भिजलेला. मनवा तिच्या खांद्यावर, हात खाली लोंबत होते. आणि आई ओरडत होती. जिनं कित्येक मुलींना धावू नका म्हणून शिकवलं, ती म्हात्रे सिस्टर कॅज्युअल्टीच्या दारातून गर्दी फोडत धावत आत गेली आणि गळा फाटेपर्यंत ओरडली, "माझे पोरीला बगा रं! कुनीतरी बगा! माझी पोर जाते रं!"

मी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता, पुढेही कधी ऐकला नाही.

डॉक्टर आले, मनवाला आत नेलं, दोन्ही हातांना सलाइन लावलं. मला बाहेर काढलं, कारण माझा हात थरथरत होता आणि तिथे धरायला ट्रे नव्हता. दरवाजा बंद झाला. बाकावर मी आणि आई.

थोड्या वेळानं दीपा बाहेर आली. आईच्या हाताखाली तयार झालेली सिस्टर, अगदी तिच्याच मुशीतली. आमच्याकडे बघून ती हलकंसं हसली. "आई, काळजी करू नका. सगळं नीट चाललंय. ट्रीटमेंट सुरू केलीय."

आईनं तिच्या एप्रनचं टोक पकडलं. इतकं घट्ट की शिवण उसवली.

"हा चेहरा मीच शिकवलाय तुना," ती म्हणाली. "मना नको दाखवू. आकडा सांग."

दीपानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"नव्वद-ऐंशी," दीपा म्हणाली आणि तिचेही डोळे भरले.

प्रेशरचे दोन आकडे असतात, वरचा आणि खालचा. त्यांच्यात अंतर असावं लागतं. डेंग्यूमध्ये ते दोन्ही एकमेकांच्या जवळ यायला लागले की समजायचं, मूल घसरतंय. नव्वद आणि ऐंशी. मधे फक्त दहा उरले होते. आईला हे मला समजावून सांगायची गरज नव्हती आणि मला तिला. ती बाकावरून सरकून जमिनीवर बसली.

आणि मग मी तिच्यावर ओरडले. मला लपवायचं नाही. "तुम्ही आणायचं होतं ना तिला! साडेदहालाच! तुम्हाला कळत नव्हतं?"

"मी तुना सगला सांगितला," ती म्हणाली. "एकूनेक सांगितला. मना वाटला, तू बोलशील, आना तिला, आत्ताच आना. मी पदर खोचून बसले होते. तू काय बोललीच नाय."

तिनं हँडओव्हर दिला होता आणि ऑर्डरची वाट बघत होती. तीस वर्षांच्या नोकरीची सवय. सिस्टरनं बघायचं, मोजायचं, सांगायचं, ठरवायचं वरच्यानं. निवृत्त झाल्यावर त्या घरात ड्युटीवर असलेली सिस्टर मी होते. तिच्या लेखी वरची मी. आणि मी तिच्या आवाजाकडे बघून ठरवत होते, कारण माझ्या लेखी वरची ती. दोघींच्या मधे मनवा पडून होती आणि तिचे हात गार होत होते.

शेवटी तिनं ऑर्डरची वाट बघणं सोडलं आणि पोरीला उचललं. फोननंतर साधारण वीस मिनिटांनी. ती वीस मिनिटं मी पुढे किती वेळा मोजली, ते मी सांगू शकत नाही.

दर अर्ध्या तासानं दीपा बाहेर यायची आणि दारातूनच आकडा सांगायची. चेहरा नाही, फक्त आकडा. नव्वद-ऐंशी. नव्वद-अठ्ठ्याहत्तर. मग एकदा ब्याण्णव-ब्याऐंशी, अंतर पुन्हा दहावर, तेव्हा आईनं भिंतीला डोकं टेकलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा पहिल्यांदा शंभर-सत्तर. दुसऱ्या दिवशी प्रशांत पोहोचला, तोवर मनवानं डोळे उघडून पाणी मागितलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं डाळिंब नको, चॉकलेट पाहिजे म्हणून भांडण काढलं. मधल्या रात्रीबद्दल मी काही लिहिणार नाही.

नंतर डॉक्टरांना मी एकटीनं जाऊन विचारलं, वीस मिनिटांनी काही फरक पडला असता का. ते म्हणाले, "आली ना वेळेत? मग झालं." हे उत्तर मीही लोकांना देते. ते कधी देतात, तेही मला माहीत आहे.

त्यानंतर आमच्या घरात "सगळं ठीक आहे" असं म्हणायची बंदी आली. कुणी ठरवून घातली नाही, आपोआप आली. आई फोनवर पहिल्यांदा हेच विचारायची, "घाबरलीस काय?" भाजी आणायला गेलेल्या मनवालासुद्धा. मी आता स्वतः इन्चार्ज आहे. नव्या मुली येतात, त्यांना मी अजून तेच शिकवते, धावायचं नाही, चालायचं. दुसरं काही मला सुचलेलं नाही. चाळीस खाटांपुढे दुसरं चालतही नाही. पण हँडओव्हर संपला की मी त्यांना विचारते, "आणि तुला स्वतःला काय वाटतं? भीती वाटते का या पेशंटची?" पहिल्यांदा त्या गोंधळतात. त्यांना वाटतं, मॅडम परीक्षा घेतायत.

त्या फोनबद्दल मात्र आम्ही दोघी कधीच बोललो नाही. पुढे साडेसहा वर्षं.

गेल्या वर्षी आईला धाप लागायला लागली. पायांना सूज. तिनं महिनाभर कुणाला सांगितलं नाही, आणि एक दिवस स्वतःच पिशवी भरून म्हणाली, "चल, तुज्या वॉर्डात ने." टूडी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढली. रिपोर्ट माझ्या हातात आला तेव्हा मी ड्युटीवर, युनिफॉर्ममध्ये होते. तिच्या खाटेपाशी गेले. ती माझ्याकडे बघत होती आणि मला कळेना, तोंडाचं काय करायचं ते.

"आकडा सांग," ती म्हणाली.

"वीस टक्के," मी म्हटलं. हृदयाचं पंपिंग साठ टक्क्यांच्या आसपास असावं लागतं. तिनं नुसती मान हलवली, जणू एखाद्या दुसऱ्याच पेशंटचा आकडा ऐकला.

मग म्हणाली, "त्या दिवशी तू फोन ठेवलास ना, तवा मना बरा वाटला होता."

कुठला दिवस ते कळलं, आणि मी खाटेचा दांडा धरला.

"तू अशी शांत बोललीस. बरं, बोललीस, दोनला येते. मना वाटला, हिला भीती नाय, म्हंजे पोरीला काय नाय. माझाच म्हातारपना. म्हनून मी बसून ऱ्हायले. पोरीच्या पायाला हात लावून नुसती बसून ऱ्हायले."

साडेसहा वर्षं मला वाटत होतं की तिच्या आवाजानं मला फसवलं. माझ्या आवाजानं तिला फसवलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तो आवाज मी तिच्याकडूनच शिकले होते, ड्रेसिंग रूममध्ये, हातात ट्रे धरून. आणि मी तो किती चांगला शिकले होते, हे मला त्या खाटेपाशी उभं राहून कळलं. माझ्या मुलीचा जीव जवळजवळ जाईल इतका चांगला.

"आई, माझं चुकलं," मी म्हटलं.

"दोगींचा," ती म्हणाली. मग धाप लागली म्हणून थांबली. ऑक्सिजनची नळी मी नीट केली. तिनं माझा हात धरला, तो सोडला नाही.

"आता घाबरलीस काय?"

"हो, आई. खूप घाबरलेय."

"मंग जाव नको. बस हितं."

पेशंटच्या खाटेवर सिस्टरनं बसायचं नाही, हा वॉर्डातला सगळ्यात जुना नियम. वॉर्डभर बायका बघत होत्या. मी तिच्या खाटेवर बसले, तिच्या खांद्यात तोंड घातलं आणि मोठ्यानं रडले. राउंडला डॉक्टर आले, तरी उठले नाही.